प्रकल्प नोंदी: ज्या तारखेची रेकॉर्ड त्या तारखेला

२० नोव्हेंबर

पहिला बर्फ आज पडला. म्हणजे आता लवकर अंधार, आणि बाहेर जायचं म्हटलं की आधी ढीगभर कपडे चढवा, त्यामुळे संध्याकाळ घरातच. मागच्या हिवाळ्यात हाताला येईल ती रेकॉर्ड लावायचे आणि फिरून फिरून त्याच त्या आवडत्या वाजायच्या, बाकीचं शेल्फ धूळ खात बसलं. यंदा एक नियम. शेल्फवरच्या जॅझमधलं जे जे थंडीच्या महिन्यांत रेकॉर्ड झालंय ते बाजूला काढायचं आणि ज्या तारखेला ते वाजवलं गेलं बरोब्बर त्याच तारखेला लावायचं. रिलीजची तारीख नाही हं, माणसं प्रत्यक्ष वाजवायला जमली ती तारीख. जॅझमध्ये हे जमतं कारण एक तर कितीतरी अल्बम एका दिवसात नाहीतर दोन दिवसांत उरकलेले असतात, आणि दुसरं म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या स्टुडिओत कोण काय वाजवत होतं याच्या याद्या करत बसणारी वेडी माणसं या संगीताला भरपूर लाभलीत.

बाकी नियम थोडेच. पूर्ण बाजू ऐकायची, मध्ये सुई उचलायची नाही, फोन दुसऱ्या खोलीत. नंतर इथे दोन ओळी तरी लिहायच्या.

नवरा म्हणाला, "म्हणजे रेकॉर्डचे वाढदिवस करणार तू." असंच समज म्हटलं.

२६ नोव्हेंबर

सुरुवात सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करपासून. २६ नोव्हेंबर १९४५, न्यू यॉर्क, सॅव्हॉय कंपनीसाठी, 'कोको'. मूळ तबकडी ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे), माझ्याकडे ते नंतरच्या एलपी संकलनात आहे. १० इंची ७८च्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, त्यामुळे हे सगळं प्रकरण तीन मिनिटांच्या आत बसवलेलं आहे आणि तेवढ्यात पार्कर इतकं बोलून घेतो की संपल्यावर आपल्यालाच दम लागतो. कॉर्ड्स (चालीखालची स्वरसंगती) 'चेरोकी' या गाण्याच्या. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे पहिल्या प्रयत्नात, मंडळी चुकून की मुद्दाम कोण जाणे, मूळ चालच वाजवायला लागतात आणि मध्येच थांबवलं जातं, तो तुटका टेकही ऐकायला मिळतो. १९ वर्षांचा माइल्स डेव्हिस त्या दिवशी सेशनला होता पण या तुकड्यात ट्रम्पेट डिझी गिलेस्पीकडे.

मी मात्र आज शेवटाकडच्या मॅक्स रोचच्या ड्रम सोलोत अडकले. वय २१. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम म्हणजे मागे कुठेतरी पत्रा वाजल्यासारखा येतो, तरी त्याची चाल कळते. चाल म्हणतेय मी, नुसता ठेका नाही.

२७ नोव्हेंबर

कालच्या रेकॉर्डवर चटचट आवाज फार होते आणि ते ओरखडे नाहीत, स्टॅटिक आहे, म्हणजे साचलेला विद्युतभार. स्लीव्हमधून काढताना हाताचे केस उभे राहिले. दर हिवाळ्याचं दुखणं. बाहेर उणे १० असताना एका घनमीटर हवेत पाण्याची वाफ मावूनमावून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, तीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिच्यात १७ ग्रॅम मावायची सोय होते पण पाणी तेवढंच, म्हणजे आर्द्रता १३ टक्क्यांवर. अशा कोरड्या हवेत पीव्हीसीवरचा (रेकॉर्डच्या प्लॅस्टिकवरचा) भार कुठे जाणार, तो तिथेच बसतो आणि खोलीतली सगळी धूळ ओढून घेतो. नुसत्या कापडाने पुसलं तर अजून वाढतो.

उपाय करून ठेवले: ह्युमिडिफायर चालू, आर्द्रतेचा काटा ४० टक्क्यांच्या वर राहील असं बघायचं. कागदी आतल्या स्लीव्ह काढून अँटिस्टॅटिक घातल्या. लावायच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश, दुसरा हात टर्नटेबलच्या धातूला टेकवून. फार मळलेल्या दोन-चार डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या. नळाच्या पाण्याने नको, क्षार खाचेत बसतात.

२९ नोव्हेंबर

थेलोनियस मंक (पियानो) आणि जॉन कोल्ट्रेन (सॅक्सोफोन), न्यू यॉर्कचा कार्नेगी हॉल, १९५७. ही टेप जवळजवळ अर्धं शतक पडून होती, २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि त्याच वर्षी निघाली. मंक सुरांच्या मध्ये जागा सोडतो आणि कोल्ट्रेन ती भरून टाकतो, हे सगळेच सांगतात. शॅडो विल्सनबद्दल कोणी बोलत नाही. ड्रमर. आज दोन्ही बाजू त्याच्यासाठी ऐकल्या. फारसं काही करत नाही तो, पण काढून टाकला तर मंकचं ते अडखळणं अडखळणं वाटणारच नाही, कारण कशाला अडखळतोय ते कळायला सरळ रस्ता तर पाहिजे.

९ डिसेंबर

आज मोठा दिवस. कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम', ९ डिसेंबर १९६४, रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, एंगलवूड क्लिफ्स, न्यू जर्सी. हा व्हॅन गेल्डर मूळचा डोळे तपासणारा, चष्म्याचे नंबर काढणारा. आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, १९५९ मध्ये उंच लाकडी छताचा हा स्टुडिओ बांधला आणि चष्म्याचा धंदा सोडला. माझ्या या यादीत त्याचं छत इतक्यांदा येणार आहे की शेवटी मला त्या खोलीचा आवाजच ओळखू यायला लागेल.

रेकॉर्ड सगळ्यांनी ऐकलेली असते. गाँग, मग बेसवर चार सुरांचा तो तुकडा, मग कोल्ट्रेन तोच तुकडा एकामागून एक सगळ्या बाराही स्वरांवरून फिरवून आणतो, आणि शेवटी माणसं तोंडाने म्हणायला लागतात. भजनात टिपेला गेलेली ओळ हळूहळू खाली आणतात ना, तसं काहीतरी. पण आज मी ठरवून ड्रमर एल्विन जोन्सवर कान ठेवला आणि पहिल्यांदा लक्षात आलं की तो 'ठेका धरत' नाहीच. चारही हातपाय वेगवेगळं बोलतात आणि सगळ्याखाली तीन-तीनचे गट चालू असतात. नवरा लहानपणी तबला शिकलेला, तो मांडीवर मोजत बसला होता, म्हणाला, "सम लपवतोय हा. पण चुकत नाहीये." मग स्वतःच वैतागला कारण त्याची मोजणी हुकली.

बाजू पलटल्यावर 'पर्स्यूअन्स'च्या सुरुवातीला एल्विन एकटा. नंतर जिमी गॅरिसनचा बेस एकटा, आणि मग 'साम' (Psalm, म्हणजे स्तोत्र). त्यात कोल्ट्रेन स्लीव्हवर छापलेली स्वतःची कविता सॅक्सोफोनवर अक्षरशः वाचतो, शब्द न उच्चारता. स्लीव्ह मांडीवर घेऊन ओळीवर बोट ठेवत ऐकलं, ठिकठिकाणी शब्द नेमका जुळतो. तिथे एल्विन ताल सोडून देतो, नुसते सिंबल आणि मोठ्या मॅलेटने घुमवलेले ड्रम.

सगळी मिळून ३३ मिनिटं. एका दिवसाचं काम.

१० डिसेंबर

दुसऱ्या दिवशी हीच मंडळी परत तिथेच आली होती, आर्ची शेप आणि दुसरा बेसवाला आर्ट डेव्हिस यांना घेऊन, आणि पहिला भाग सहा जणांत वाजवून बघितला. तो अल्बमवर घेतला नाही. नंतर निघाला. आज तो ऐकला. बरोबर केलं, नाही घेतला ते.

१४ डिसेंबर

बाहेर उणे १८. सकाळी खोली १५ अंशांवर होती आणि तशीच रेकॉर्ड लावली तर आवाज कोरडा, बेस रोडावलेला, जोरात ट्रम्पेट आलं की फाटतोय. कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या डबीच्या) आत सुईची दांडी एका रबराच्या बारक्या कड्यात बसवलेली असते, थंडीत ते रबर आखडतं आणि सुई खाचेच्या मागे मोकळी फिरत नाही. २१-२२ अंश झाल्यावर तासाभराने तीच बाजू लावली, फाटणं गेलं. सुईवरचं वजन वाढवून बघायचा मोह होतो अशा वेळी, पण नको. आता संध्याकाळी आधी हीटर, मग जेवण, मग रेकॉर्ड. शेल्फ मात्र हीटरपासून लांब सरकवलं, रेकॉर्ड वाकायला फार तापमान लागत नाही.

२१ डिसेंबर

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र आणि यादीत या एकाच तारखेला तीन रेकॉर्ड्स. मुद्दाम जुळवलं नाही, खरंच तसं आहे.

पहिली, सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन, 'फ्री जॅझ', १९६०. दोन चौकडी एकदम वाजतात, एक डाव्या स्पीकरमध्ये आणि एक उजव्या. डावीकडे कोलमन, ट्रम्पेटवर डॉन चेरी, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर बिली हिगिन्स. उजवीकडे बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बेसवर चार्ली हेडन, ड्रमवर एड ब्लॅकवेल. ३७ मिनिटं सलग वाजवलंय, पण एलपीच्या एका बाजूला ते बसणार कसं, म्हणून मध्ये बाजू पलटावी लागते. पहिली दहा मिनिटं शेजारच्या दोन घरांत एकदम भांडणं लागल्यासारखं वाटतं. मग मी बॅलन्सचा नॉब आधी पूर्ण डावीकडे फिरवला आणि फक्त हिगिन्स ऐकला, मग उजवीकडे फिरवून फक्त ब्लॅकवेल. दोघेही मजेत स्विंग करतायत, झुलत्या तालात! वर कितीही गोंधळ असो, खाली दोन ड्रमर वेगवेगळ्या पोताचा पण एकच धावता ताल ठेवून आहेत. हिगिन्सचा हात हलका, सिंबलवर जास्त, ब्लॅकवेल ड्रमच्या कातड्यावर जास्त. हे कळल्यावर नॉब मधोमध आणला आणि बाकीचं संगीत एकदम सुटं सुटं ऐकू यायला लागलं. ज्यांना ही रेकॉर्ड सहन होत नाही त्यांनी ड्रमच्या दारातून आत शिरावं, पुढच्या दाराने जाऊच नये.

दुसरी, 'फार क्राय', एरिक डॉल्फी. तारीख तीच, वर्ष तेच. म्हणजे हा माणूस त्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये ऑर्नेटबरोबर वाजवतो आणि त्याच दिवशी नदीपलीकडे व्हॅन गेल्डरकडे स्वतःचा अल्बम पण करतो. बुकर लिटल ट्रम्पेटवर, रॉय हेन्स ड्रमवर. हेन्सचं स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) म्हणजे भाजताना तडतडणारे दाणे. एका दिवसात दोन असले अल्बम! आपण एक मेल लिहून दमतो.

तिसरी, ट्रम्पेटवाला ली मॉर्गन, 'द साइडवाइंडर', बरोबर तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९६३, परत व्हॅन गेल्डर. आणि ड्रमवर कोण? बिली हिगिन्स. डाव्या स्पीकरमधला तोच. इथे साडेदहा मिनिटांचा २४ बारचा (एका फेरीत २४ मापं) ब्लूज, पाय हलवायला लावणारा, इतका चालला की दोन तुकडे करून सिंगलवर काढला. मघाशी ज्या हाताने दोन घरांची भांडणं एका धाग्यात धरली होती तोच हात इथे नाचायला बोलावतोय, आणि खरं सांगायचं तर तो फार वेगळं काही करतच नाहीये. हीच गंमत आहे. तारखेने लावल्या म्हणून या दोन रेकॉर्ड्स शेजारी आल्या, एरवी शेल्फवर दोन टोकांना असतात आणि एक आवडणाऱ्याला दुसरी आवडत नाही.

झोपायला दीड वाजला. आजपासून यादीत प्रत्येक रेकॉर्डपुढे ड्रमरचं नाव लाल पेनने.

२४ डिसेंबर

वेन शॉर्टर (सॅक्सोफोन), 'स्पीक नो ईव्हल', २४ डिसेंबर १९६४. नाताळच्या आदल्या दिवशी काम केलंय लोकांनी. ड्रमवर एल्विन जोन्स, म्हणजे 'अ लव्ह सुप्रीम' वाजवून पंधरा दिवस झालेत आणि तो त्याच खोलीत परत बसलाय. पण केवढा आवरलेला! कोल्ट्रेनच्या मागे तो लाट आणतो, इथे शॉर्टरच्या त्या गूढ तिरक्या चाली आहेत, हर्बी हॅनकॉक आणि रॉन कार्टर आहेत, तर तो वाकून बोलल्यासारखा वाजवतो. 'इन्फंट आइज'मध्ये जवळजवळ दिसेनासाच होतो.

शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर दिवा तिरका धरून बघितलं तर 'व्हॅन गेल्डर' असा ठसा आहे. ज्याने रेकॉर्ड केलं त्यानेच मास्टर कापला, त्याची ही खूण. कव्हरवर लिपस्टिकच्या ओठांचा ठसा. दोन्ही ठसे छान.

२८ डिसेंबर

'पोर्ट्रेट इन जॅझ', बिल एव्हन्स (पियानो), स्कॉट लाफारो (बेस), पॉल मोशन (ड्रम), २८ डिसेंबर १९५९. (लाफारो म्हणजे २१ तारखेच्या डाव्या स्पीकरमधला बेस. हा मुलगा १९६१च्या जुलैत २५ वर्षांचा असताना मोटार अपघातात गेला.)

दुपारपासून बर्फ पडतोय, रस्त्यावर गाड्या नाहीत. ताजा बर्फ म्हणजे निम्म्याहून जास्त हवाच, त्या पोकळ्यांत आवाज शोषला जातो, त्यामुळे खोलीत एरवी जो एक सतत घूं असतो, ज्याची आपल्याला जाणीवही नसते, तो आज नाही. व्हॉल्यूम नेहमीपेक्षा खाली ठेवूनही मोशनचे ब्रश स्पष्ट. स्नेअरच्या कातड्यावर तारांचा ब्रश गोल फिरवल्याचा जो 'श्श्श' आहे तो एकसारखा नाही, प्रत्येक गोलात एका जागी किंचित दाबलेला आहे आणि तिथे बीट आहे. हा दाब मी आजवर ऐकला नव्हता.

याच शांततेत दुसऱ्या एका जुन्या रेकॉर्डवर गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं पुसटसं ऐकू आलं. भूत नाही. शेजारच्या खाचेतला जोरदार आवाज मधल्या भिंतीला किंचित वाकवतो, म्हणून सुईला एक फेरा आधीच चाहूल लागते. ३३⅓च्या वेगाला एक फेरा म्हणजे १.८ सेकंद. मोजून बघितलं, तेवढंच.

६ जानेवारी

मागवलेली रेकॉर्ड आली, खोकं बर्फासारखं गार. लगेच फोडलं नाही. थंड प्लॅस्टिकवर घरातली वाफ बसते आणि गारठलेली रेकॉर्ड ठिसूळही असते. रात्रभर तसंच ठेवलं, नवरा तीनदा विचारून गेला "उघडायचं नाही का?"

१६ जानेवारी

बेनी गुडमन (क्लॅरिनेट) आणि त्याचा बँड, कार्नेगी हॉल, १९३८. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग तबकड्यांवर झालं, त्या बारा वर्षं पडून राहिल्या आणि १९५० मध्ये एलपीवर निघाल्या. 'सिंग, सिंग, सिंग'मध्ये जीन क्रुपा टॉम-टॉमवर धो धो वाजवतो, लोक वेडे होतात, सगळं रीतसर. मला क्रुपा थोडा जास्तच दाखवणारा वाटतो, पण शेवटी जेस स्टेसीचा पियानो अचानक शांतपणे सुरू होतो तेव्हा हा दाखवणारा माणूस कसा खाली येतो, किती हळू धरून ठेवतो ते ऐका. त्यासाठी त्याला सगळं माफ.

२० जानेवारी

वादळ. दुपारी चारला लाइट गेली. बेसवाल्या मिंगसची तारीख आहे आज आणि टर्नटेबल मुकं. मेणबत्तीच्या उजेडात स्लीव्ह वाचली. 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी'च्या स्लीव्हवर चार्ल्स मिंगसच्या मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलंय. हो, खरंच. मिंगसने त्यालाच लिहायला सांगितलं.

२१ जानेवारी

लाइट सकाळी आली. नियम मोडून एक दिवस उशिरा. १९६३ची रेकॉर्ड, ११ जणांचा ताफा, चार्ली मारियानोचा सॅक्सोफोन वरून परत भरलेला. ड्रमवर डॅनी रिचमंड, जो आधी सॅक्सोफोन वाजवायचा आणि नंतर ड्रमकडे वळला. दुसरी बाजू म्हणजे एकच सलग तुकडा आणि त्यात लय चढते, चढते, फुटेल असं वाटेपर्यंत चढते आणि मग मोडून परत संथ. खयालात द्रुत लयीला गेल्यावर परत विलंबितात कोणी येत नाही, इथे ते पुन्हा पुन्हा येतात. ११ माणसांना एकत्र असं वर नेणं आणि खाली आणणं हे काम बेस आणि ड्रम या दोघांचंच आहे. नवऱ्याने मोजणी सोडून दिली आणि नुसता ऐकत बसला, हे नोंदवण्यासारखं.

२४ जानेवारी

कीथ जॅरेट, कलोन (जर्मनी), १९७५. पियानो एकटा. लाल पेनाच्या रकान्यात काही नाही.

गोष्ट माहीतच आहे सगळ्यांना, ठरलेला पियानो आलाच नाही, वाट्याला आला तो लहान, वरचे सूर पातळ, खालचे दुबळे, पेडल धड नाही. कार्यक्रम ऑपेरा संपल्यावर रात्री साडेअकराला. मग माणूस मधल्या पट्ट्यांत राहतो आणि डाव्या हाताने तेच तेच आवर्तन फिरवत ठेवतो, कारण त्या पियानोतून बेस घुमणार नव्हताच. म्हणजे ड्रमरचं काम डाव्या हाताला लावलं. पायही आपटतो, आणि मध्ये मध्ये कण्हतो, ते काहींना आवडत नाही, मला चालतं.

पहिली बाजू २६ मिनिटांची. एवढं एका बाजूला घालायचं तर खाचा जवळजवळ आणि आवाज हळू कापावा लागतो, त्यामुळे स्टॅटिकची प्रत्येक चट उठून दिसते. ह्युमिडिफायर ४५वर नेला.

७ फेब्रुवारी

हँक मोब्ली (सॅक्सोफोन), 'सोल स्टेशन', १९६०. आर्ट ब्लेकी ड्रमवर. बर्फ उपसून पाठ धरली होती, हिच्याने सुटली. आणखी काही लिहीत नाही. ही लिहायची रेकॉर्डच नाही.

१८ फेब्रुवारी

माइल्स डेव्हिस, 'इन अ सायलेंट वे', १९६९. तीन तीन कीबोर्ड, शॉर्टर, डेव्ह हॉलंड, आणि त्याच महिन्यात न्यू यॉर्कला येऊन पोचलेला गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन, जो पुढे झाकीर हुसेनबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये बसला.

ही रेकॉर्ड वाजवली एका दिवसात पण बनवली कात्रीने. निर्माता टीओ मासेरोने टेप कापून सुरुवातीचा भागच शेवटी परत जोडला, दोन्ही बाजूंना. परत वाजवलेला नाही, तोच टेप. पहिल्या बाजूला कान देऊन ऐकलं, तोच सूर तोच श्वास. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा ते वेगळं वाटतं, कारण मधल्या काळात आपण बदललेले असतो.

ड्रमवर टोनी विल्यम्स, त्या काळातला सगळ्यात स्फोटक हात, आणि त्याने पहिली पूर्ण बाजू काय करावं? बंद हाय-हॅटवर (पायाने मिटायची सिंबलची जोडी) सलग बारीक टकटक, बस. १८ मिनिटं. शिक्षा दिल्यासारखं. दुसऱ्या बाजूला 'इट्स अबाउट दॅट टाइम'मध्ये एका क्षणी एकदाचा सुटतो, स्नेअर आणि टॉमवर, आणि मी खुर्चीत सरळ झाले. तो क्षण तेवढा मोठा आहे तो आधीच्या अर्ध्या तासामुळे. सुट्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये हे होणारच नाही, बाजू पूर्ण ऐकावी लागते.

२५ फेब्रुवारी

परत टोनी विल्यम्स, पण पाच वर्षं आधी. एरिक डॉल्फी, 'आउट टु लंच', १९६४. वय १८. अठरा! ज्याने परवा हाय-हॅटची तपश्चर्या केली तो इथे ताल ठेवतच नाही, ताल सूचित करतो आणि बाजूला होतो. पियानो नाही, बॉबी हचर्सनचा व्हायब्राफोन आहे, त्यामुळे खोलीत जागाच जागा. 'हॅट अँड बिअर्ड'चा बेस नवऱ्याने मोजला, नऊ मात्रा म्हणाला, आणि यावेळी समेवर बरोबर टाळी दिली. फार खूश झाला.

डॉल्फी त्याच जूनमध्ये बर्लिनमध्ये वारला, मधुमेहाने, ३६ वर्षांचा. अल्बम नंतर निघाला. कव्हरवर दुकानाच्या दारातली पाटी आहे, 'परत येईन' असं सांगणारी, आणि घड्याळाला सात काटे.

२६ फेब्रुवारी

१९१७, ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड, पहिली जॅझ रेकॉर्ड म्हणतात ती. न्यू ऑर्लिन्सचे गोरे वादक, ज्यांच्याकडून ते शिकले त्या काळ्या वादकांच्या आधी रेकॉर्डवर पोचले. मायक्रोफोन नव्हता, भोंग्यात वाजवायचं आणि त्याच धक्क्याने सुई मेण कापायची. त्यामुळे ड्रमरकडून ऐकू येतं ते मुख्यतः लाकडी ठोकळा आणि घंटा. विनोदी वाटतं ऐकायला. मग आठवतं की कालचा टोनी विल्यम्स इथून फक्त ४७ वर्षांवर आहे.

२ मार्च

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', २ मार्च १९५९, कोलंबियाचा ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, पूर्वीचं चर्च. या दिवशी फक्त पहिली बाजू झाली, दुसरी २२ एप्रिलला, तेव्हा आज एकच बाजू. दुसरी एप्रिलमध्ये लावीन, तोवर बर्फ असो नसो.

'सो व्हॉट'. बेस आणि पियानोची ती कुजबुज, मग चाल, आणि मग माइल्सचा सोलो सुरू होतो तिथे ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक फटका देतो. जरा जास्तच जोरात लागलाय तो, चर्चच्या उंच छताखाली लांबत राहतो, आणि ट्रम्पेटचे पहिले सूर त्या विरत्या झणकाराच्या आतून येतात. हे मी असंख्य वेळा ऐकलंय पण आजवर ट्रम्पेटची वाट बघत ऐकलं. आज कॉबची वाट बघत होते.

एक तांत्रिक नोंद. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे एलपीवर ही बाजू किंचित जलद आणि चढ्या सुरात येते. १९९२ पर्यंत कोणी दुरुस्त केलं नाही, तेव्हा दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप वापरून बरोबर वेगाची काढली. माझी प्रत जुनी, म्हणजे चढी. टर्नटेबलच्या पिच नॉबने थोडी खाली आणून परत ऐकली. नवरा म्हणाला बरोबर सूर हा आहे. असेल, पण कॉबचा फटका चढ्या सुरातलाच चांगला लागतो. नॉब परत शून्यावर.